हात: शून्य

माझ्या लग्नातल्या पन्ह्याचा पीएच साडेतीन होता. त्या दिवसातलं बाकी फारसं काही आठवत नाही. मुहूर्त किती वाजताचा होता हेसुद्धा नवऱ्याला विचारावं लागतं. पण हा आकडा पाठ आहे. अक्षता पडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात आमचे सचिवजी पन्ह्याचा पेला घेऊन स्टेजवर आले, खिशातून कागदाची एक पिवळी पट्टी काढून त्यांनी ती पन्ह्यात बुडवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "साडेतीन. एकदम बढ़िया. आचारी बदलू नका." सासऱ्यांना वाटलं, हे अन्न तपासणारे कुणी सरकारी गृहस्थ आहेत. त्यांनी घाईघाईने त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं.

सरकारशी सचिवजींचा काडीचा संबंध नव्हता. इंदूरच्या एका कापडगिरणीत, म्हणजे आमच्या भाषेत मिलमध्ये, ते रंगखात्यात केमिस्ट होते. रंगाच्या टाकीतलं पाणी हवं तेवढं आंबट झालंय की नाही हे या पट्ट्यांवरून कळतं. पट्ट्यांचं छोटं पुस्तक त्यांच्या वरच्या खिशात कायम असायचं आणि टाकी सोडून जगातल्या सगळ्या पातळ पदार्थांवर ते चालायचं. चहा, जिलबीचा पाक, सत्यनारायणाचं तीर्थ, सगळं. बाजारात तेव्हा परदेशी कोल्ड्रिंक्स नव्याने आली होती. त्यांतलं एक तपासून ते म्हणाले होते, "यात आणि आमच्या टाकीत फरक एवढाच, की टाकीला स्ट्रॉ नसतो." आणि मग त्यांनी ते आवडीने पिऊन टाकलं.

ते सचिव होते आमच्या मंडळाचे. मंडळ विज्ञानलेखकांचं. म्हणजे पोटापाण्याचा उद्योग दुसराच आणि फावल्या वेळात वर्तमानपत्रांत, मासिकांत, आकाशवाणीवर विज्ञान लिहिणारे आम्ही पंधराएक जण. महूचे एक जनावरांचे डॉक्टर, सांवेर रोडवरच्या कारखान्यातले एक इंजिनियर, दुर्बीण घेतल्यापासून ज्यांच्या घरी कुणाला धड झोप मिळाली नाही असे एक बँकवाले, आणि मी, शाळेत नववी-दहावीला केमिस्ट्री शिकवणारी. कुणी हिंदीत लिहायचं, कुणी मराठीत. बडा गणपतीजवळच्या एका वाचनालयाची मागची खोली आम्हाला महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मिळायची. मंडळाची मालमत्ता विचाराल तर एक लोखंडी कपाट, एक रबरी शिक्का आणि सचिवजी.

अध्यक्षही होते. एक निवृत्त प्रोफेसर साहेब, अतिशय देखणे. हार त्यांच्या गळ्यात जसा शोभायचा तसा मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पाहिला नाही. बाकी पत्रं लिहिणं, सतरंजी झटकणं, दोन लेखकांचं भांडण मिटवणं, हे सगळं सचिवजींकडे. कुणी खुर्च्या मांडायला पुढे झालं की ते हात धरून थांबवायचे. "तुम्ही लिहा हो. कुर्सी मैं लगाऊंगा. दोन्ही कामं मलाही करता येतात, पण खुर्ची जास्त चांगली जमते." हे खोटं होतं. ते आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं लिहायचे, पण वर्षातून एखादाच लेख, तोही मिलमधल्या रंगांच्या नमुन्यांच्या जुन्या कार्डांमागे. त्यामुळे त्यांच्या लेखाची एक बाजू नेहमी गुलाबी नाहीतर मोरपंखी असायची.

त्यांना वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कंटाळल्या होत्या असं म्हणता येणार नाही, पण त्यांनी हाय खाल्ली होती. मला एकदा म्हणाल्या, "माझ्याशी बोलायचं तर यांना आधी विषयपत्रिका लागते गं. परवा भाजी काय करू विचारलं तर म्हणे, आयत्या वेळचे विषय शेवटी घेऊ."

मंडळाचा एक नियम होता आणि तो त्यांनीच लावलेला होता. सभासदाचा लेख छापायला जायच्या आधी बैठकीत वाचला जायचा, आणि तो आमच्यासाठी वाचायचा नसायचा. दर बैठकीला सचिवजी बाहेरचं एक माणूस घेऊन यायचे. त्याला आम्ही "ऐकणारा" म्हणायचो. त्याचा विज्ञानाशी संबंध नसावा, एवढीच अट. ऐकणाऱ्याला पंख्याखालची मानाची खुर्ची मिळायची. लेखकाने वाचायचं आणि कळलं नाही तिथे ऐकणाऱ्याने हात वर करायचा. हात वर झाला की सचिवजी वहीत एक काडी ओढायचे. लेखकाने त्यावर चकार शब्द काढायचा नाही. "अहो, म्हणजे असं बघा" असं कुणी सुरू केलं की सचिवजी चष्म्यावरून बघत विचारायचे, "तुम्ही काय पेपरबरोबर घरोघर जाणार का समजवायला?" लेख मुकाट्याने घरी न्यायचा, ते वाक्य पुन्हा लिहायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वाचायचं.

माझा पहिला लेख साबण मळ कसा काढतो यावर होता. तेव्हाचे ऐकणारे सराफ्यात गराडू, म्हणजे रताळ्यासारखा एक कंद, तळून विकणारे एक काका होते. त्यांनी अकरा वेळा हात वर केला. बाराव्यांदा खाली ठेवलाच नाही. घरी जाताना मी वाचनालयाच्या पायरीवर बसून चक्क रडले. सचिवजी सतरंजीची घडी काखेत घेऊन बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसले. "अकरा? बहुत बढ़िया, टीचरजी. माझ्या पहिल्या लेखाला ऐकणारा हात वर करूनच झोपून गेला होता." मग त्यांनी मला पोहे खायला नेलं आणि पोह्यांवरच्या लिंबाचा पीएच काढून दाखवला. दोन महिन्यांनी माझा लेख चार काड्यांवर आला आणि छापून आला. त्यानंतर मी त्या माणसासाठी काहीही करायला तयार होते.

त्या वर्षांत इंदुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. सचिवजींचीही पडली. गेटला कुलूप लागलं, दोन ओळींचा कागद चिकटवला गेला आणि संपलं. आम्ही सगळे तोंडं पाडून त्यांच्या घरी गेलो, तर हे अंगणात बसून मंडळाचे जुने कागद लावत होते. "आता मंडळाला पूर्ण वेळ सचिव मिळाला," म्हणाले. पुढे सांवेर रोडवरच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी अर्ध्या दिवसाचं काम धरलं, पण मिलबद्दल कडवट असं कधी बोलले नाहीत. पेपरवाल्यांनी जाहिरातींसाठी विज्ञानाचा कोपरा अर्धा केला तेव्हा आम्ही निषेधाचा ठराव करायला निघालो होतो. त्यालाही ते म्हणाले, "जागा कमी झाली ना? अच्छा है. फालतू वाक्यं निघून जातील." वाक्य काढून टाकणं किती महागात पडू शकतं हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मला तर मुळीच नव्हतं.

मिलच्या मागे कामगारांच्या चाळी होत्या. चाळींना पाणी मिलच्या बोअरिंगमधून यायचं. मिल बंद, म्हणजे पंप बंद, म्हणजे नळ कोरडे. लोक चाळीच्या टोकाशी असलेली जुनी विहीर वापरायला लागले. ते पाणी काही चांगलं नव्हतं. सचिवजींनी मंडळात विषय काढला, की आपण एक पर्चा, म्हणजे पत्रक, काढू या, साध्या हिंदीत, की घरच्या घरी हे पाणी औषध टाकून शुद्ध कसं करायचं. ब्लीचिंग पावडर बाटलीभर पाण्यात हलवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं स्वच्छ पाणी चमच्याने माठात टाकायचं. पर्चा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ऐकायला आल्या कमलाबाई. त्याच चाळीतल्या, मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, उभं आयुष्य काढलेल्या. सुताचा धागा कुठे तुटला हे पाठमोऱ्या उभ्या राहूनही त्यांना कळायचं असं सचिवजी सांगायचे. मला तर त्यांची धास्तीच वाटली. पहिल्या वाचनात त्यांनी पाचदा हात वर केला. चार वाक्यं मी सुधारली. पाचवं काही सुधरेना. औषध टाकल्यावर जंतू मरायला वेळ लागतो, म्हणून माठ अर्धा तास झाकून ठेवायचा आणि मगच पाणी प्यायचं, एवढं सांगायचं होतं. मी आधी "संपर्क-काल" असा शब्द लिहिला होता. हात वर. मग शब्द बदलला, तर दुसऱ्या बैठकीतही हात वर. सचिवजींनी काडी ओढली. बाकी सगळा पर्चा स्वच्छ आणि या एका वाक्याला हात.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी शाळेतून येऊन मी त्या वाक्याशी खूप झटले. काही सुचेना. मग मी ते काढून टाकलं. म्हटलं, आधी हात खाली तर येऊ दे, नंतर बघू. आणि खरं सांगायचं तर ते नंतर मी विसरले.

तिसऱ्या वाचनाला कमलाबाईंनी एकदाही हात वर केला नाही. मंडळात असं कधीच झालं नव्हतं. सचिवजी उभे राहिले. वहीत त्यांनी लाल शाईने लिहिलं, "हात: शून्य", आणि वही सगळ्यांना दाखवत खोलीभर फिरले. मग स्वतः जाऊन कचोऱ्या घेऊन आले. मी त्या दिवशी कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे, पण मी तो कुणाला दाखवत नाही.

पर्चा छापला, चाळीत वाटला. एका वर्तमानपत्राने तो जसाच्या तसा आतल्या पानावर घेतला. सगळं छान चाललं होतं, आणि त्याच सुमारास सचिवजींचं आयुष्यातलं एकमेव स्वप्न दाराशी येऊन उभं होतं. देशभरातल्या विज्ञानलेखकांच्या संघटनेचं वार्षिक अधिवेशन इंदुरात व्हावं म्हणून ते कित्येक वर्षं दिल्लीला पत्रं लिहीत होते. कोणता पाहुणा कुणाच्या घरी उतरेल, कुणाला तिखट चालत नाही, याची यादीसुद्धा त्यांनी करून ठेवली होती. आता दिल्लीहून पत्र आलं होतं. दोन जणांची समिती पुढच्या आठवड्यात पाहणीला येणार होती, आणि आमचा पर्चा त्यांच्याकडे आधीच पोचला होता. अधिवेशन जवळजवळ आपलंच, असं प्रोफेसर साहेब सगळीकडे सांगत होते.

अशात एका दुपारी शाळा सुटल्यावर मी कमलाबाईंकडे गेले. सहजच. खोटं कशाला बोलू, माझं कौतुक ऐकायला गेले होते. पर्चा त्यांनी भिंतीला लावला होता. त्या उठल्या, बाटलीतलं औषध चमच्याने मोजून माठात टाकलं, ढवळलं आणि त्याच पाण्याचा पेला भरून माझ्या हातात दिला.

"लो बेनजी, दवाई वाला पानी. पर्चे में लिखा है ना, बस वैसेई करती हूं."

पेल्याला औषधाचा वास येत होता. मी भिंतीवरच्या पर्च्याकडे पाहिलं. बाटली, गाळ, चमचा, माठ, आणि त्यानंतर एकदम "अब पानी पिएं." अर्धा तास कुठेच नव्हता. समोर कमलाबाई हसत उभ्या होत्या, म्हणून मी ते पाणी प्याले. मग म्हणाले, "कमलाबाई, दवाई डालके आधा घंटा रुकना पड़ता है. ढकके. मैंने लिखना था, नहीं लिखा."

त्यांचं हसू गेलं. "तो इत्ते दिन से हम जो पी रिये, वो?"

तिथून मी थेट सचिवजींकडे गेले. वाटेत एका दुकानात कागद मागून राजीनामाही लिहिला. माझ्या हातून अक्षम्य प्रमाद घडला आहे, वगैरे. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि पहिल्याच ओळीला स्वतःचा हात वर केला. "अक्षम्य प्रमाद म्हणजे काय? काय झालं ते सांगा ना." मी सांगितलं. सांगताना रडले. वहिनींनी पाणी आणून दिलं, ते मी तसंच बाजूला ठेवलं.

सचिवजींनी राजीनामा खाली ठेवला. मग म्हणाले, "वाक्य कुणी काढलं?"

"मी."

"आणि शून्य कुणी लिहिलं? लाल शाईने? कचोऱ्या कुणी आणल्या?" ते उठून उभे राहिले. "आपण हात मोजत बसलो, टीचरजी. बाईंना काय समजलं हे एकानेही विचारलं नाही. मी तिथेच बसलो होतो. ब्लीचिंग पावडरमध्ये जन्म गेला माझा, आणि अर्धा तास राहिला हे मला दिसलं नाही. मला शून्य दिसत होतं."

संध्याकाळी प्रोफेसर साहेबांना बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. "घरोघर जाऊन दुरुस्त करू ना, चुपचाप," ते म्हणाले. "पेपर-बिपरमध्ये कशाला? अहो, कमिटी येते आहे. आपणच छापून सांगायचं की आमचं विज्ञान चुकलं? पंद्रह साल की मेहनत आहे तुमची."

"पेपरमधनं कुणी कुणी पर्चा कापून ठेवला असेल, ते आपल्याला माहीत आहे का?" सचिवजी म्हणाले. "देवासला गेला असेल, गौतमपुऱ्याला गेला असेल. मी कुठे कुठे जाऊ चुपचाप?"

"मग निदान कमिटी येऊन जाऊ द्या. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आठ दिवस लोक पाणी प्यायचे थांबणार आहेत का, साहेब?"

मी म्हटलं, माझं नाव घालून छापा. चूक माझी आहे. त्यावर ते माझ्याकडे वळले आणि जवळजवळ खेकसलेच. "अध्यक्ष हार घालून घ्यायला असतो. सभासद लिहायला असतो. मग सचिव कशाला असतो? कुणीतरी चूक आपल्या नावावर घ्यायला पाहिजे ना? पगार नाही, मानधन नाही, इतना तो करने दो." त्यांना राग आलेला मी तेवढा एकदाच पाहिला आणि तोही मला वाचवताना.

दुसऱ्या दिवशी ते पेपरच्या कचेरीत गेले. तिथले उपसंपादक भूल-सुधार, म्हणजे चुकीची दुरुस्ती, छापायला तयार नव्हते. लोक म्हणतील पेपरनेच चुकीचं छापलं, असं त्यांचं म्हणणं. सचिवजी भांडले नाहीत. समोरच्या बाकावर बसून राहिले. दुपारभर. चहा आला, त्यांनी त्यात पट्टी बुडवून पाहिली. खळ आली, तीत बुडवून पाहिली. शाईच्या बाटलीकडे हात गेला तेव्हा उपसंपादक ओरडले, "छाप दो यार इनका, नहीं तो ये मशीन भी नाप जाएंगे!" सकाळी पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात चौकट होती. "हमारे पर्चे में एक जरूरी बात छूट गई थी. दवा डालने के बाद पानी आधा घंटा ढककर रखें, तभी पिएं. गलती मंडल की है." आणि खाली सचिव म्हणून त्यांचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता, कुणाला येऊन बोलायचं असेल तर बोलता यावं म्हणून.

मग आम्ही चाळीत गेलो. चार दिवस, रोज शाळा सुटल्यावर, घरोघर. कापडाच्या गाठींवर नंबर घालायची न पुसणारी शाई त्यांच्याकडे होती. तिने ते प्रत्येक पर्च्यावर अर्ध्या तासाचं वाक्य लिहायचे. पण लिहून झालं की निघायचे नाहीत. "अब तुम बताओ, पानी का क्या करोगे? शुरू से बताओ." आणि लोक काय काय सांगायचे. एका घरी पावडर सरळ माठात टाकत होते. एका घरी औषधाने फक्त भांडी घासली होती. एका म्हाताऱ्याने पर्चा देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवला होता आणि पाणी विहिरीचंच, जसंच्या तसं पीत होता. हे सगळं आमच्या शून्य हातांच्या पर्च्यामुळे. सचिवजी प्रत्येकाचं बोलणं वहीत उतरवून घ्यायचे. तेव्हापासून मंडळात हात मोजणं बंद झालं. वाचून झालं की ऐकणाऱ्याने आम्हाला सांगायचं, काय समजलं ते.

दोन-तीन घरांत पोटं बिघडलेली होती. विहिरीच्या पाण्याने की आणखी कशाने, कोण सांगणार? सचिवजी त्या घरी रोज जाऊन बसायचे, माणूस उठून फिरायला लागेपर्यंत. फार वाईट काही झालं नाही. मी एकदा म्हटलं, नशीब आपलं. ते म्हणाले, "नशीब ही आपल्या मंडळाची शाखा नाही."

कमलाबाईंच्या घरी मात्र आमचं काही चाललं नाही. त्यांनी पर्चा भिंतीवरून काढून पुढे केला, सचिवजींनी वाक्य लिहिलं, त्यांनी तो परत लावला. विचारलं तेव्हा सगळं बरोबर सांगितलं, अर्ध्या तासासकट. एवढंच. बसा म्हणाल्या नाहीत, पाणी विचारलं नाही. बाहेर पडल्यावर सचिवजी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले. मग म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं." मला त्या चार दिवसांतलं तेवढंच सहन झालं नाही.

समिती आली, चहा प्याली, गेली. पुढच्या बैठकीला आम्ही जेमतेम सात जण होतो. बँकवाले आले नव्हते, प्रोफेसर साहेब उशिरा येऊन मागे बसले, हाराशिवाय. सचिवजींनी दिल्लीचं पत्र वाचून दाखवलं. फार सभ्य पत्र होतं. काही कारणांमुळे यंदाचं अधिवेशन इंदूरऐवजी दुसरीकडे घेण्यात येत आहे. कारणं लिहिली नव्हती. सचिवजींनी पत्राची घडी केली, पाहुण्यांच्या यादीची फाइल कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. "पुढचा विषय," म्हणाले.

पुढचा विषय नवा पर्चा होता. मी तो पुन्हा लिहिला होता, आणि या वेळी अर्धा तास पहिल्याच ओळीत होता. पण पंख्याखालची खुर्ची रिकामी होती. इतक्या वर्षांत प्रथमच सचिवजींनी ऐकणारं कुणी आणलं नव्हतं. मी विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, "कोणत्या तोंडाने बोलावू?" मी कागद हातात घेऊन उभी होते आणि मला कळत नव्हतं की वाचायचं कुणासाठी.

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला. कमलाबाई होत्या. त्यांच्यामागे चाळीतल्या आणखी चार जणी, पदर सावरत, खोलीत डोकावून बघत. सचिवजी ताडकन उठले. त्यांना वाटलं असावं, भांडायला आल्या. मलाही तेच वाटलं.

कमलाबाई सरळ आत आल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसल्या.

"भिया, मिल में ताला पड़े इत्ते महीने हो गए," त्या सचिवजींना म्हणाल्या. "हमारे दरवज्जे पे आज तक एक आदमी नी आया ये बोलने कि गलती हमसे हुई. न मालिक, न मैनेजर, न यूनियनवाला. तुम आए. अखबार में भी नाम लिखके छाप दिया." त्यांनी मागे बघून बाकीच्यांना बसायची खूण केली. "मैं इनको बोली, चलो, जो गलती बता देता है उसकी बात सुन लेना चइए. अब सुनाओ, क्या लिखा है."

खुर्च्या कमी पडल्या. आम्ही सात जण उठून सतरंजीवर बसलो, प्रोफेसर साहेबसुद्धा. सचिवजींनी वही उघडली, पण त्यांना लिहायला काही दिसत नव्हतं, चष्मा ओला झाला होता. त्यांनी मला हातानेच खूण केली, की वाचा.

मी वाचायला लागले.